पाणी आकार कसा शोधतं

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

आर्किटेक्चरच्या सबमिशनसाठी केलेली तुझी ड्रॉइंग्ज नीट पाहिली. छताला लाटेचा आकार दिलायस, देखणा आहे. पण लाट वळते ती वाऱ्यामुळे, गुरुत्वाकर्षणामुळे. तुझं छत कशामुळे वळलंय, ते मला सापडेना.

हाइन्झ इस्लर या स्विस इंजिनिअरचं काम जरूर बघ. तो हिवाळ्यात ओली कापडं टांगून ठेवायचा. स्वतःच्या वजनाने लोंबणाऱ्या कापडात फक्त ताण असतो. ते थंडीत गोठून कडक झालं की उलटं करायचं, की काँक्रीटच्या छताचा नमुना तयार. मग त्याच आकारात ताणाच्या जागी दाब येतो, आणि दाब काँक्रीटला मानवतो. स्वित्झर्लंडमधल्या डायटिंगेनच्या पेट्रोल पंपावरची त्याची 1968 ची पातळ छतं तीन-तीन टेकूंवर उभी आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं. इथे पाण्याची नक्कल कुठेच नाही, तरी पाण्याने आकार पक्का करून दिला.

फ्राय ओट्टो या जर्मन आर्किटेक्टने हेच साबणाच्या पाण्याकडून करून घेतलं. तारेची चौकट त्यात बुडवून काढली की साबणाचा पातळ पडदा त्या चौकटीत बसणारं कमीत कमी क्षेत्रफळ धरतो आणि ताण सगळीकडे सारखा राहतो. म्युनिकच्या 1972 च्या ऑलिंपिक स्टेडियमच्या छतामागे असाच अभ्यास आहे.

अमेरिकेतलं फॉलिंगवॉटर हे घर तर तुम्हा आर्किटेक्चरवाल्यांना पाठच असेल. फ्रँक लॉइड राइट या आर्किटेक्टने 1935 च्या आराखड्यात ते घर धबधब्यासमोर न ठेवता थेट त्याच्यावर ठेवलं. पण त्याची भूमिती बघ: सगळ्या आडव्या रेषा, काटकोन. त्या रेषा तिथल्या खडकाच्या थरांशी जुळतात, आणि मूळ खडक शेकोटीपाशी फरशीतून वर आलेला आहे. मात्र निसर्गाशी एवढं जुळूनही वजन कुणाला सुटत नाही. पुढे झेपावलेल्या गच्च्या काही इंच झुकल्या, आणि 2002 मध्ये आतून पोलादी केबल ताणून त्या सावराव्या लागल्या.

आता तुझ्या छताचं. दोन लाटांमध्ये जो खोलगट भाग आहे, तिथे पावसाचं पाणी साचेल. उताराची दिशाच दिलेली नाहीस. मॉडेल प्लास्टरचं कर, त्यावर तांब्याभर पाणी ओत आणि ते कुठे थांबतं तिथे पेन्सिलने खूण कर. आकार त्या खुणांवरून बदल. सबमिशनच्या आधी फोटो पाठव, आपण फोनवर बसून बघू.

तुझा,
बाबा