मोबाईलमधली वाट

माननीय संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीतला हिमाचलमधल्या पिन-पार्वती खिंडीवरचा लेख वाचला. वर्णन झकास आहे, पण 'फोनमध्ये ट्रॅक असला की गाईड लागत नाही' हे वाक्य खटकलं, म्हणून लिहितोय. ट्रॅक म्हणजे आधी कुणी चालून गेलेल्या वाटेची फोनच्या नकाशावरची रेघ.

गेल्या सप्टेंबरात आम्ही सहाजण तिथून गेलो. मी सगळ्यांत म्हातारा, ६२ वर्षांचा, निवृत्त पोस्टमन. बरशैणीहून खीरगंगेपर्यंत जत्राच असते. पुढे टुंडा भुज, ठाकूर कुआं, पांडुपूल इथवर पाऊलवाट सोबत करते. मानतलाई तलाव मागे पडला की नुसता दगडांचा पसारा. मध्येच कुणी रचलेली लगोरी दिसली तर नशीब. सह्याद्रीत रंगवलेला बाण चुकला तर माणूस करवंदीच्या जाळीत घुसतो, शिव्या देत मागे फिरतो. ही खिंड ५३१९ मीटरवर आहे. तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी पुरत नाहीत. हवेचा दाब जवळपास निम्मा. चार पावलं टाकली की थांबायचं.

आदल्या रात्री आमच्यातल्या एका पोराने गाईडला फोनवरची रेघ दाखवली. गाईड कुल्लूकडचा. बघून हसला, म्हणाला, "ये दो साल पुराना बरफ है, साब."

पहाटे चारला दोर बांधून निघालो. फोनवर रेघ सरळ जात होती. समोर मात्र हिमनदीत निळी भेग. काठावर हातभर रुंद, खाली काळोख. तिच्या शेजारी ताज्या बर्फाचं झाकण पडलेली दुसरी, ती तर दिसतही नव्हती. गाईडने काठी खुपसली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. वळसा घालण्यात दीड तास गेला. तोवर ऊन चढलं, बर्फ भुसभुशीत झाला, गुडघ्यापर्यंत पाय रुतायला लागले. खिंडीत जेमतेम पाच मिनिटं थांबलो. पलीकडचं मुध गाव अजून दोन दिवसांवर होतं. उंचीमुळे कुणाचं डोकं दुखायला लागलं असतं, तर गाडी सोडाच, फोनला रेंजही नव्हती.

मी आयुष्यभर पत्त्यावर पत्रं टाकली. घरं जागेवर असतात, म्हणून ते जमलं. हिमनदी सरकते. तिच्यावरचा पत्ता पुढच्या मोसमात खोटा ठरतो.

लेखातलं ते वाक्य कृपया दुरुस्त करून छापावं. आमच्यातल्या त्या पोरानेही घरी येताच आमचा ट्रॅक इंटरनेटवर चढवला होता. मी फोन करून त्यातला बर्फावरचा तुकडा काढायला लावला.

— एक वाचक, तळेगाव दाभाडे