मागच्या आवारातला भराव आणि पावसाचं पाणी

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, फोंडा, गोवा

विषय : मागील आवारात भराव घालून पेव्हर बसवण्याबाबत

महोदय,

पार्किंगच्या कामाचं कोटेशन सूचनाफलकावर पाहिलं. भराव, रोलिंग, पेव्हर (फरशीचे ब्लॉक), एक सहा इंची पाईप, सगळं आहे. पाणी किती येणार, कुठे जाणार ते नाही. 'लेव्हलिंग' असा एक शब्द आहे, आणि धास्ती त्याचीच. आपल्याकडच्या पावसात सपाट आवार म्हणजे तळं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आवार साधारण 1000 चौरस मीटर. जोरदार सर तासाला 100 मि.मी. धरली आणि पेव्हरवरून 90 टक्के पाणी वाहिलं, तर सेकंदाला 25 लिटर. आज तिथे गवत नि उघडा जांभा आहे, म्हणून बरंच जिरतं आणि उरलेलं पसरून व्हाळात (ओढ्यात) जातं. कोटेशनमधला सहा इंची पाईप 1:100 उतारावर तुडुंब भरला तरी सेकंदाला 15 लिटरच नेईल. नऊ इंची 45 नेतो. खोदाई जवळजवळ तीच, फरक पाईपाच्या किमतीचा. पेव्हरच्या फटींतून मुरेल, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तांबड्या मातीच्या गाळाने त्या लवकरच बुजतात.

उतार इमारतीपासून बाहेर हवा, 1:50, म्हणजे 10 मीटरला 20 सें.मी. प्लिंथ (इमारतीचं जोतं) किमान 15 सें.मी. उघडी राहू दे, नाहीतर तळमजल्याच्या भिंती ओल ओढतील. पाईपाआधी चेंबर, आणि त्याचा तळ पाईपापेक्षा 30 सें.मी. खाली, फणसाची पानं नि गाळ तिथेच बसतात. पावसाचं पाणी सोकपिटला (सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्याला) जोडायचं नाही, सेप्टिक टँक उलटा भरतो. सांडपाण्याच्या चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून घ्या. काँट्रॅक्टर ती सर्रास पेव्हरखाली गाडतात.

खरा धोका खालच्या बाजूच्या कंपाऊंड भिंतीचा आहे. ती एकेरी चिऱ्याची, हद्दीसाठी बांधलेली. दीड मीटर भराव पेलायला नव्हे. मागे तेवढी पाण्याची उंची साठली तर नुसतं पाणीच दर धावत्या मीटरला 1100 किलोच्या आसपास रेटतं, मातीचा दाब वेगळा. तिथे स्ट्रक्चरल इंजिनियरच्या डिझाइनची रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत हवी. दीड-दीड मीटरवर 75 मि.मी.ची वीप होल (भिंतीमागचं पाणी बाहेर काढणारी भोकं), बाहेर उतरती, मागे खडी आणि जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी सोडणारं कापड). प्लास्टर करताना गवंडी ही भोकं लिंपून टाकतात, तेवढं कोणीतरी उभं राहून पाहावं.

पाईपाचं तोंड व्हाळाच्या काठावर उघडं सोडलं तर काठ खणला जाईल आणि खालच्या शेतकऱ्याची कुरकुर रास्त ठरेल. तोंडापुढे दोन मीटर दगडी पिचिंग (दगड बसवून केलेला थर) करावं. सखल जागेत भराव घालण्यापूर्वी गोवा नगर नियोजन कायदा, 1974 च्या कलम 17अ खाली परवानगी लागते का, हे नगर नियोजन खात्याकडून लेखी घ्यावं.

क्रम असा : आधी भिंत, मग गटार-पाईप, मग भराव. भराव 20 सें.मी.च्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर रोल करून. ट्रकने ओतून वरून एकदा रोलर फिरवला की पहिल्याच पावसात जागा खचते. पेव्हर बसवण्याआधी तयार बेडवर पाईपने पाणी सोडा, साचेल तिथे चुन्याने खूण करा, तो भाग दुरुस्त झाल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

मे अखेरपर्यंत भिंत आणि पाईप पुरे होत नसतील, तर यंदा मातीचा एकही ट्रक आत घेऊ नये.

आपला,
एक सभासद