आई-बाबांना, काळजी करू नका म्हणून

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न.

मी धडधाकट आहे. तुरुंगात नाही, आणि जाणारही नाही. फोनवर 'नोकरी सोडली' म्हणालो होतो. सोडली नाही, अमेरिकेच्या फौजेने काढलं.

बाबा, पेन्शनचं म्हणाल तर त्याला इथे 20 वर्षं लागतात. माझी साडेचारच झाली होती, तेव्हा तो प्रश्नच नव्हता. पुढच्या शिक्षणाचे पैसे मात्र गेले. कोर्ट मार्शल झालेलं नाही, हे काकांनाही सांगा. खटल्याऐवजी बाहेर पडतो असा अर्ज मीच दिला. याला सगळे 'चॅप्टर टेन' म्हणतात. आधी सगळ्यात खालच्या हुद्द्यावर आणतात. त्या हुद्द्याला चिन्हच नसतं, त्यामुळे छातीवर नुसतं वेल्क्रो उरतं आणि त्याला दोरे, केस चिकटत राहतात.

इथली एक तऱ्हा ऐका. फौजेतून आलेल्याला नोकरी देताना आधी विचारतात, कुठला डिस्चार्ज, म्हणजे फौजेतून कुठल्या शेऱ्याने सुटलास? सगळ्यात वर 'ऑनरेबल', मग 'जनरल', मग माझा, 'अदर दॅन ऑनरेबल'. त्याखालचे दोन कोर्ट मार्शलशिवाय देताच येत नाहीत, म्हणजे मी अगदी तळाला नाही. हे सगळं डीडी 214 नावाच्या कागदावर असतं आणि त्याच्या प्रती दोन तऱ्हेच्या: आखूड आणि लांब. आखूड प्रतीवर हा शेरा नसतो. पण मागतात सगळे लांबडीच! मग आखूड छापतात कशाला, देव जाणे. शिवाय माझे फौजी कापाचे केस बघून अनोळखी माणसं 'थँक यू फॉर युअर सर्व्हिस' म्हणतात. मी मान हलवतो. केस वाढवतोय.

नागरिकत्व फौजेमुळे मिळालं होतं. पाच वर्षं सन्मानाने भरायच्या आत असं काढलं, तर ते परत घेता येतं. पण आपोआप नाही, सरकारला कोर्टात जावं लागतं. वकील म्हणतो, अजून काही आलेलं नाही. मीही तेच म्हणतो.

आता पैशांचं. पुढच्या महिन्यापासून निम्मे येतील. आई, मधे जास्त येऊ लागले तेव्हा तू विचारलंस, बढती मिळाली का. मी हो म्हणालो. ती बढती नव्हती, घरभाडेभत्ता होता. बायको दाखवली की बराकीतल्या माणसालाही तो मिळतो. एका ओळखीच्या मुलीशी कागदोपत्री लग्न केलं होतं. तिला दवाखान्याचा विमा, मला भत्ता. एका घरात आम्ही एक दिवसही राहिलो नाही. आता भत्त्याची वसुली चालू आहे. तुम्ही त्यातलं काही परत पाठवू नका, मी बघतो.

तुम्ही माझ्यासाठी बघितलेल्या मुलीकडच्यांना सध्या थांबवा. घटस्फोट व्हायचाय. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, फक्त 'त्याला सुट्टी मिळत नाही' असं सांगू नका.

तुमचा,
बाळू