हप्ता मोजला, बॅटरी कोण मोजणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या राजवाडा, सरवटे बसस्थानकापाशी होणाऱ्या ई-रिक्षांच्या गर्दीवर सगळेच बोलतात. त्यांच्यावरच्या कर्जावर फारसे कोणी नाही. रिक्षाचे कर्ज दोन-तीन वर्षांचे, पण लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा सेट बहुधा वर्ष-सव्वा वर्षात राम म्हणतो. खरी अडचण तिथून सुरू होते.

हातात पैसे नसले की चारांतली एकच बॅटरी बदलतात. चौघी एकाच साखळीत जोडलेल्या, त्यामुळे जुन्या आधी उतरतात आणि नवीलाही खाली ओढतात. पुढचा सेट आणखी लवकर जातो. (डिस्टिल्डऐवजी नळाचे पाणी घालणारे तर वेगळेच!) मग नव्या सेटसाठी रोजच्या वसुलीचे कर्ज. समजा १०,००० चे कर्ज, हातात ९,०००, आणि रोज १०० प्रमाणे १०० दिवस फेड. ऐकायला हजारच जास्त. पण मुद्दल रोज कमी होत जाते हे धरले तर व्याज वर्षाला ७७ टक्क्यांच्या घरात जाते.

यापेक्षा सेटचा हिशेब पहिल्या दिवसापासून मांडावा. समजा, जुना सेट देऊन नव्याला वरचे ३२,००० लागणार. १४ महिने, महिन्याला २५ दिवस रिक्षा चालली, तर रोजचे ९२ रुपये. ते हप्त्यासारखेच बाजूला काढायचे. तरी कमी पडले तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मागता येते.

रिक्षा घेताना ‘१२ टक्के’ ऐकून सही करू नये. फ्लॅट दराने (म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच) एक लाखावर दोन वर्षांचे व्याज २४,००० होते. घटत्या शिल्लकीवर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. बँक वा फायनान्स कंपनीने द्यायच्या मुख्य तथ्य विवरणात (कर्जाच्या अटींचा कागद) वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे शुल्कांसह वर्षाचा खरा खर्च, लिहावाच लागतो. नेमका तोच आकडा बघावा. आणि गाडी तारण असल्याने या कर्जाला मायक्रोफायनान्सचे, म्हणजे छोट्या विनातारण कर्जांचे, नियम (सकाळी ९ पूर्वी, संध्याकाळी ६ नंतर वसुली नाही, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही) आपोआप लागू होत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

शेवटचा हप्ता भरला की ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (गाडीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज) घेऊन आरटीओत जावे. नाहीतर आरसीवर फायनान्सरचे नाव तसेच राहते आणि रिक्षा विकायच्या दिवशी गिऱ्हाईक परत जाते.

एक वाचक,
रामबाग, इंदूर