आधी ओल शोधा, मग बुरशी काढा

पावसाळा सरताच मुंबई-ठाण्यात भिंतींवरची काळी बुरशी काढायला ठेकेदारांना बोलावणी जातात. बरेच जण जुनी पुट्टी खरवडून नवी भरतात, वर ‘अँटिफंगल’ रंगाचे दोन हात मारतात. पुढच्या पावसात पोपडे सुटतात, कारण ओल आत तशीच असते.

बाहेरच्या भिंतीची भेग, वरच्या घराची मोरी की खिडकीची फट, पाणी कुठून येते ते न दाखवणाऱ्याला काम देऊ नये. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) बाहेरची गळती सोसायटीची, संडास-मोरीची त्या सदनिकाधारकाची जबाबदारी. गळती थांबल्यावर पोकळ वाजणारा गिलावा विटेपर्यंत, डागाच्या वीतभर पुढे फोडावा. नव्या गिलाव्यावर फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून दिवसभराने पाहावे. आतून थेंब दिसले तर पुट्टी लावू देऊ नये. कोरडी बुरशी घासली की बीजाणू घरभर उडतात, म्हणून पाणी फवारूनच काढावी. एन-95 मास्क हवाच. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळणाऱ्याला तिथेच थांबवा, विषारी क्लोरीन तयार होतो. आणि निदान पाव रक्कम पुढचा पावसाळा उलटल्यावर देण्याची अट लेखी घ्या.

— इमारत दुरुस्तीतील एक अभियंता, ठाणे