नुसतं 'ताठ बस' म्हणून पाठदुखी जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कॉम्प्युटर शिकवते. अर्धा तास झाला की लॅबमधली मुलं मान चोळायला लागतात, कुणी खांदे फिरवतं, कुणी मनगट झटकतं, आणि घरी गेल्यावर त्यांना काय ऐकावं लागतं, तर 'ताठ बस, पोक काढू नको'. दुखणं मुलाचं आणि दोषही त्याचाच, हे मला अजिबात पटत नाही म्हणून हे पत्र.

जरा त्या खुर्च्या बघा हो. सगळ्या एकाच उंचीच्या, आणि त्यावर बसणार 10 वर्षांचं मूल पण आणि 16 वर्षांचं पण. लहान मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, मग ते पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसतं, पाठीला टेकू राहत नाही, टेबल छातीपर्यंत येतं म्हणून की-बोर्डवर हात ठेवायला खांदे वर उचलावे लागतात आणि पूर्ण तासभर ते तसेच वर राहतात. आता ह्या मुलाने ताठ बसायचं तरी कसं?

हालचाल चालू असली की स्नायू आवळतो, सैल होतो, रक्त खेळतं राहतं. एकाच स्थितीत धरून ठेवला की रक्तपुरवठा कमी पडतो आणि तो ठणकायला लागतो. त्यात डोक्याचं वजन साधारण 5 किलो, मान जितकी पुढे झुकेल तितका मानेवरचा ताण वाढतो, 2014 साली मांडलेल्या एका हिशेबात 60 अंश झुकल्यावर तो सुमारे 27 किलोपर्यंत जातो.

लॅपटॉपचं तर अजून अवघड. स्क्रीन आणि की-बोर्ड एकत्र जोडलेले, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान वाकते आणि स्क्रीन वर घेतली तर हात अधांतरी. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून वेगळा की-बोर्ड आणि माउस जोडला की बराच फरक पडतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली, कोपर साधारण काटकोनात, मनगट सरळ, पाय टेकत नसतील तर खाली पाट किंवा खोकं. पण एवढं सगळं जमवलं आणि दोन तास हललंच नाही तरी दुखणारच, त्यामुळे अर्ध्या तासाने उठणं हे मला खुर्चीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. माझ्या तासाला मी मध्येच सगळ्यांना उभं करते, मिनिटभर फिरू देते, त्याने अभ्यास काही बुडत नाही.

आणि एक, अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना वारंवार मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटात नस दबत असू शकते. तिथे बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

शाळांनी नवीन कॉम्प्युटर घेताना उंची कमी-जास्त होणाऱ्या खुर्च्या त्याच यादीत घ्याव्यात, आणि कॉम्प्युटरच्या पहिल्या तासाला मशीन चालू करायच्या आधी कसं बसायचं ते शिकवावं. लांबलचक प्रॅक्टिकल परीक्षेतही मुलांना जागेवर उभं राहून अंग मोकळं करायची परवानगी हवी, आज ती मागायलाही मुलं घाबरतात.

आपली,
एक कॉम्प्युटर शिक्षिका