उताराचा हिशेब

पुणे, 15 फेब्रुवारी 2026

प्रिय अव्या,

स्विच एकूण किती विकला जाईल, ही पैज तू जिंकलास. फोनवर सांगता आलं असतं, पण वहीत लिहून ठरवलेल्या गोष्टीचा निकालही लिहूनच द्यावा असं वाटलं. निंटेंडो या जपानी गेम कंपनीने डिसेंबरअखेरचे आकडे जाहीर केले: तिचं गेम खेळायचं मशीन स्विच, आजवर एकूण 15 कोटी 53 लाख 70 हजार. तुझा आकडा होता 15 कोटी 50 लाख, माझा 14 कोटी.

वही काढून समोर ठेवली आहे. तीच, हॉस्टेलची दोनशेपानी. पहिल्या पानांवर मेसचा हिशेब, मग सोनीच्या प्लेस्टेशन 2 या गेम मशीनसाठी सहा जणांनी काढलेली वर्गणी, आणि शेवटून तिसऱ्या पानावर स्विचवरच्या आपल्या दोन पैजा, 2017 ची आणि 2021 ची. 2021 च्या पैजेतला तुझा आकडा माझ्या अक्षरात आहे, कारण तू तो व्हिडिओ कॉलवर सांगितला होतास. खालची सही मात्र तुझी, नंतर दिवाळीला आलास तेव्हा हिरव्या पेनाने केलेली.

2017 च्या पैजेतही तूच बरोबर होतास. मी 4 कोटी लिहिले होते. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त वी यू होता, स्विचच्या आधीचं मशीन. त्याआधीचा वी 10 कोटींच्या वर गेला म्हणून वी यूसुद्धा 10 कोटींच्या जवळ जाईल असं कंपनीच्याच विक्री विभागाच्या बैठकीत कोणीतरी म्हटलं होतं, हे अध्यक्ष किमिशिमांनी 2016 मध्ये भागधारकांना सांगितलं. प्रत्यक्षात तो 1 कोटी 35 लाख 60 हजारांवर थांबला. एवढी आपटी खाल्लेल्या कंपनीचं पुढचं मशीन तिप्पट विकेल, हाच अंदाज मला उदार वाटत होता. तू मात्र साधी बेरीज केलीस. टीव्हीला जोडायचा वी यू आणि हातात धरायचा थ्रीडीएस, दोघांचं गिऱ्हाईक मिळून तेव्हा 8 कोटींच्या घरात होतं. स्विच ही दोन्ही कामं एकटाच करतो, मग 8 कोटींखाली कसा येईल? तुझं हे म्हणणं मला तेव्हाच पटायला हवं होतं.

पण हे पत्र दुसऱ्या पैजेसाठी आहे, कारण तिथे मी घाई केली नव्हती. सुट्या भागांची मागणी किती येईल हे सांगणं हेच माझं रोजचं काम. एखादी गाडी बंद झाली की तिचे क्लच प्लेट आणि ब्रेक शू आणखी किती वर्षं लागतील, हे मी पंधरा वर्षं काढतो आहे. चढाचा अंदाज कोणीही करतो, खरी परीक्षा उताराची.

मार्च 2021 ला संपलेल्या वर्षात स्विच 2 कोटी 88 लाख गेला. (बहुतेक जपानी कंपन्यांचं वर्षही आपल्यासारखं मार्चलाच संपतं, ही मोठी सोय.) हे शिखर आहे हे आपल्या दोघांनाही मान्य होतं. अ‍ॅनिमल क्रॉसिंगचा नवा गेम 20 मार्च 2020 ला आला, जग घरात कोंडलं गेलं आणि बारा दिवसांत त्याच्या 1 कोटी 17 लाख प्रती खपल्या. माझ्या मते हा फुगवटा होता, आणि फुगवटा ओसरतो तो झपाट्याने. म्हणून मी वीचा उतार घेतला. वीचं शिखर 2 कोटी 59 लाखांचं. पुढच्या वर्षी त्याच्या 79 टक्के, मग त्याच्या 73, मग 65, मग एकदम 40. तीच टक्केवारी स्विचला लावली की एकूण 14 कोटींच्या आसपास येतं. गणितात चूक नव्हती, आजही सापडत नाही.

आणि पहिल्या वर्षी मीच बरोबर ठरत होतो. स्विच शिखराच्या 80 टक्क्यांवर आला, वी आला होता 79 वर. मी तुला लगेच फोन केला होता, आठवतं? दुसऱ्या वर्षी स्विच आधीच्या वर्षाच्या 78 टक्क्यांवर राहिला, तरी मी निवांत होतो. तिसऱ्या वर्षी मात्र वी 65 वर घसरला होता आणि स्विच 87 वर उभा राहिला. तिथे माझा हिशेब मोडला.

त्या वर्षात काय झालं? मे 2023 मध्ये झेल्डाचा नवा गेम आला, तीन दिवसांत 1 कोटी. मारिओचा सिनेमा महिनाभर आधीच आला होता. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते असं, की पुढचं मशीन बाजारात नव्हतं. वीची शेवटची वर्षं आठव: नवे गेम आटत गेले, लोक फोनकडे वळले, आणि सहा वर्षांनी वी यू आला. स्विचचा वारस मात्र 5 जून 2025 ला आला, म्हणजे आठ वर्षांहून जास्त काळाने, आणि तोपर्यंत निंटेंडोचे स्वतःचे सगळे चांगले गेम स्विचलाच मिळत राहिले. मी उताराला निसर्गनियम समजलो होतो, पाणी जसं खाली जाणारच तसा. पण मशीन बनवणारा ठरवतो म्हणून उतार लांबतो. माझ्या गाड्यांचंही तसंच आहे रे. कंपनीने भाग पुरवणं चालू ठेवलं, तर लोक गाडी मोडीत काढत नाहीत.

दुसरी गोष्ट मला तुझ्या घरी कळली. गेल्या उन्हाळ्यात ड्युसेलडॉर्फला आलो होतो तेव्हा टीव्हीखालच्या फळीवर एक स्विच होता, अन्वयच्या दप्तरात त्याचा ओलेड पडद्याचा स्विच, आणि छोटीचा पिवळा स्विच लाइट, म्हणजे लहान, स्वस्त मॉडेल, उशीखाली, मागे मांजराचं स्टिकर. एका घरात तीन. निंटेंडोचे अध्यक्ष फुरुकावा कधीपासून म्हणत होते की घरटी एक यावरून माणशी एक इकडे जायचं आहे. मी ते वाचलं होतं, पण हिशेबात धरलं नव्हतं. वी दिवाणखान्यातला होता, त्याला घरं मोजून पुरत होतं. इथे माणसं मोजायला हवी होती.

आता तू विचारशील, प्लेस्टेशन 2 चं काय? तुझे 15 कोटी 50 लाख म्हणजे तेव्हाचा त्याचाच अधिकृत आकडा. नंतर सोनीने तो 16 कोटींच्या वर सांगितला. मला वाटतं स्विच तिथवर पोचणार नाही. निंटेंडोने या वर्षासाठी 40 लाखांचा अंदाज दिला आहे, त्यातले साडेबत्तीस लाख नऊ महिन्यांत गेले. पुढच्या वर्षी पंधराएक लाख, मग किरकोळ. मी 15 कोटी 80 लाखांवर रेघ ओढतो. प्लेस्टेशन 2 अमेरिकेत 299 डॉलरला सुरू होऊन 2009 मध्ये 99 वर आला होता, म्हणून तर प्लेस्टेशन 3 आल्यावरही तो वर्षानुवर्षं विकला गेला. स्विच 299 वरून खाली आलाच नाही, उलट गेल्या ऑगस्टमध्ये तिथे महागला. स्वस्त झाल्याशिवाय शेवटचं गिऱ्हाईक येत नाही. निंटेंडोच्याच जुन्या डीएसला मात्र स्विचने मागे टाकलं. सप्टेंबरअखेर दोघांत जेमतेम 10 हजारांचा फरक होता, स्विच 15 कोटी 40 लाख 10 हजार आणि डीएस 15 कोटी 40 लाख 20 हजार. तीन महिने मी रोज त्या आकड्यांचा विचार करत होतो. हे सगळे आकडे कारखान्यातून दुकानांकडे धाडलेल्या मालाचे, घरात पोचलेल्या मशीनचे नव्हेत, हेही पुढच्या पैजेत आधीच लिहून ठेवू.

पुढची पैज म्हणजे अर्थातच स्विच 2. डिसेंबरपर्यंत 1 कोटी 73 लाख गेले, तेही सात महिन्यांच्या आत. जुन्या स्विचला पहिल्या दहा महिन्यांत 1 कोटी 48 लाख जमले होते. तरी मी हुरळत नाही. सुरुवातीला धावणारे हे आधीपासूनचेच चाहते आहेत. अमेरिकेत किंमत 450 डॉलर, त्यात मेमरी चिपचे भाव चढले आहेत. छोटीच्या उशीखाली जाईल असं स्वस्त मॉडेल कधी येतं, त्यावर सगळं आहे. मी 11 कोटी लिहिले आहेत, निळ्या पेनाने, आजच्या तारखेसह. शेजारी तुझी जागा रिकामी ठेवली आहे.

आणि पैजेत ठरलेली वस्तू. प्लेस्टेशन 2 माळ्यावरून काढला, पुसला, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला आहे. 8 एमबीचं मेमरी कार्डही सापडलं, तुझं नाव अजून चिकटपट्टीवर आहे. बाकीच्या चौघांना विचारलं, सगळे म्हणाले अव्याकडेच जाऊ दे. मे महिन्यात येशील तेव्हा घेऊन जा, आणि हिरवं पेन आण.

वहिनींना नमस्कार, अन्वयला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझा,
शिऱ्या